शिराळ्याचं वळण

रंगूबाईंनी फोन उचलला तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना भाकरीचं पीठ होतं. त्यामुळे रिसीव्हर त्यांनी दोन बोटांत, कानापासून जरा लांबच धरला होता.

"शंभूराज मोहित्यांचं घर ना? मी सांगलीहून मयूरी बोलतेय. निरोप लिहून घेता का?"

"हात पिठाचं हायती गं. सांग तशीच."

"शंभूराजची गाडी शिराळ्याच्या वळणावर उलटली. तीन कोलांट्या. मग पेट घेतला. अकरा वाजून सात मिनिटांनी."

"आगं बाई! आन् शंभू?"

"तो संपलाच. पण काळजी नको, चार वाजता परत..."

एवढ्यात रिसीव्हर पिठाच्या बोटांतून निसटून परातीत पडला.

मयूरीच्या निरोपात एकही शब्द खोटा नव्हता. ती सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळायची आणि घड्याळ पाहिल्याशिवाय बोलायची नाही. सांगलीत ती आणि राजस, साताऱ्यात शंभूराज आणि कॉम्प्युटर क्लासवाला वरद, असं चौघांचं एक रेसिंग मंडळ होतं. दर रविवारी क्लासचा कॉम्प्युटर मोडेमवरून सांगलीला फोन लावायचा आणि दोन्हीकडच्या पडद्यांवर एकच शर्यत सुरू व्हायची. रस्ता कुठल्यातरी परक्या देशातला होता. त्यातल्या वळणांची मूळ नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून मंडळाने एकमताने नवी ठेवली होती. चढाचं वळण खंबाटकी, बोगद्याआधीचं पाटण, आणि नागासारखं दोनदा वळसा घालणारं शिराळा.

लाइन तुटली की समोरच्याची गाडी नाकासमोर जात राहायची आणि वळण आलं की उलटायची. कुणाचीही गाडी उलटली की मयूरीने फोन करून निकाल कळवायचा, असा मंडळाचा नियम होता. मात्र लाइन तुटली तरी क्लासचा मोडेम फोन सोडत नसे आणि तिथला नंबर गुंतलेलाच लागे. म्हणून निरोप शंभूराजच्या घरी, त्याच्या आईकडे.

त्या रविवारचा सामना साधा नव्हता. वर्षभरात दोन्ही गावं अकरा-अकरा शर्यती जिंकली होती. हरणाऱ्या गावाने कागदावर सही करून द्यायचं ठरलं होतं. सातारा हरला तर 'आमच्या कंदी पेढ्यापेक्षा तुमचं भडंग सरस' आणि सांगली हरली तर याच्या उलट. तो कागद वर्षभर भिंतीवर लावायचा. वरदचा क्लास पेढेवाल्याच्या माडीवर होता, आणि पेढेवाला त्याचा सख्खा मामा होता.

इकडे रंगूबाईंची हाक ऐकून शंभूराजचे वडील लालासाहेब धावत आले. बावीस वर्षं फौजेत ट्रक चालवलेला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुनाची? माझी जीप तर दारात हाय."

"मैतराची आसंल. चार वाजता परत आनत्यात म्हनं!"

"लाख वेळा सांगितलं, हात बसला न्हाई तुझा, स्टेरिंगला शिवू नगंस!" असं रिकाम्या अंगणाला सांगत लालासाहेबांनी जीप काढली आणि शिराळ्याची वाट धरली.

तासाभरात ओसरीवर माणसं जमली. चूल पेटवायची नाही म्हणून शेजारच्या बनुबाईंनी पिठलं-भाकरी करून आणली. दीड वाजता फाटक वाजलं आणि शंभूराज जेवायला आला. गर्दी बघून त्याने चप्पल हळूच काढली आणि बनुबाईंना खाली आवाजात विचारलं, "काकू, कोण गेलं?"

बनुबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "तू."

त्यानंतर जो गोंधळ झाला, त्यात दोन म्हाताऱ्यांनी शंभूराजला चिमटे काढून पाहिले. शर्यत, मोडेम आणि वळण हे सगळं त्याने तीनदा समजावलं. कुणाला काही कळलं नाही, पण पिठलं गरम होतं. रंगूबाईंनी त्याला दोन धपाटे घातले आणि मग वाढलं.

तेवढ्यात शिराळ्याच्या बूथवरून लालासाहेबांचा फोन आला. "रंगू, धा वळणं पालथी घातली. काय बी गावंना. मागल्या आठवड्यात उसाची ट्रॉली उलटल्याली, एवढंच म्हनत्यात."

"आवं, तो हितं हाय."

"आनला?"

"आपल्या पायानं आला. जेवतोय."

मग लालासाहेब म्हणाले, "त्येला म्हनावं, मी येस्तवर जित्ता ऱ्हा."

शंभूराजने त्यापेक्षा क्लास गाठणं पसंत केलं. चार वाजता शर्यत पुन्हा सुरू झाली. शेवटच्या फेरीत तो पुढे होता आणि मयूरी अगदी मागच्या चाकाला लागलेली. सव्वाचारला जिन्यावर पावलं वाजली आणि लालासाहेब हातात पायताण घेऊन दारात उभे राहिले. शंभूराजने कॉम्प्युटरला जोडलेलं स्टिअरिंग आणि पेडलं सोडली आणि तो कपाटामागे गेला.

लालासाहेबांनी पायताण उगारलं, पण त्यांची नजर पडद्यावर गेली. गाडीत माणूस नाही आणि गाडी पळतेय. एवढं त्यांना बास होतं.

"आरं, चालत्या गाडीचं स्टेरिंग सोडतंय का कोन!" पायताण खाली टाकून ते खुर्चीत बसले. "ब्रेक कुठला?"

"डावा, काका!" वरद ओरडला. "पुढं शिराळ्याचं वळण आहे!"

"ह्ये शिराळा? सकाळपास्नं धा बघितली, त्यातलं ह्ये न्हाईच." त्यांनी डावा पाय दाबला. वेग अठरावर आला. "आरशात कोन दिसतंय?"

"सांगलीची मयूरी."

"लय घाईत हाय बाई. साईड देऊ तिला."

आणि त्यांनी गाडी शिस्तीत डावीकडे घेतली.

मयूरीचं सगळं गणित एका गोष्टीवर बांधलेलं होतं. शंभूराजने वर्षभरात कुणाला कधीच साईड दिली नव्हती. अचानक मोकळा रस्ता दिसल्यावर ती होत्या त्या वेगाने पुढे गेली, आणि नागाचा पहिला वळसा सुटला तशी दुसऱ्यावर कोलांटली. एक, दोन, तीन. मग पेट घेतला.

"आरं थांबवा! बाई आत हाय!" लालासाहेब ब्रेकवर उभेच राहिले.

"आबा, चला!" कपाटामागून शंभूराज किंचाळला. "पेढ्याची अब्रू हाय!"

लालासाहेबांना काही पटलं नाही. जळत्या गाडीला वळसा घालताना त्यांनी कपाळाला हात लावून सलाम ठोकला आणि ताशी बावीसच्या वेगाने साताऱ्याला जिंकून दिलं. मग पायताण शोधायला लागले, तर ते वरदने आधीच बगलेत मारून, पेढे आणायच्या निमित्ताने, खाली मामाकडे नेलं होतं.

नियमाप्रमाणे मयूरीने शंभूराजच्या घरी फोन लावला. ओसरीवर बनुबाई रिकामी भांडी गोळा करत होत्या. या वेळी रंगूबाईंचे हात कोरडे होते आणि रिसीव्हर कानाला घट्ट होता.

"मी मयूरी," पलीकडून आवाज आला. "मीच उलटले. शिराळ्याच्या वळणावर. चार वाजून एकोणीस मिनिटांनी. गाडी जळाली. मी संपले."

"बरं बरं," रंगूबाई म्हणाल्या. "बरं झालं कळवलंस, पोरी."

फोन नीट जागेवर ठेवून त्यांनी अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा आनंदाने आवाज दिला,

"बनुबाई, पिठलं टाका गं! सांगलीची मेली!"