कोटांची कावीळ

वहिनीच्या केमोचा शेवटचा डोस सोमवारी सकाळी होता आणि रविवारी दुपारी डॉक्टरांचे पांढरे कोट टबात लालभडक होऊन बसले होते.

वहिनीने त्यातला एक चिमटीत धरून वर काढला, पुन्हा पाण्यात सोडला आणि नवऱ्याला हाक मारली. गेले काही महिने तिची हाक मऊ झाली होती. आजची हाक जुन्या वळणाची होती, त्यामुळे लाँड्रीवाले हातातली इस्त्री उभी करून धावतच मागच्या खोलीत आले.

"अहो, या टबात काय होतं?"

त्यांनी टबात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ताईचा काढा."

"ओतल्यावर टब धुवायचा असतो ना रोज?"

"धुणारच होतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आता मला काय ठाऊक, तू आजच उठून कोट भिजवशील? कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणीच नाही. बरं वाटत होतं, म्हणून भिजवले."

खोलीत अंधार होता आणि औषधांनी वहिनीचं नाक बधिर केलं होतं. तिला ना पिवळं पाणी दिसलं, ना कडू वास आला. तिने उत्साहाच्या भरात साबणाची पूड मात्र दोन मुठी जास्त घातली होती.

हा काढा म्हणजे ताईचं ब्रह्मास्त्र होतं. ताई ही लाँड्रीवाल्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच भावाला लहानाचं मोठं केलं होतं, आणि तो पुरेसा मोठा झाला आहे असं तिचं अजूनही मत नव्हतं. वहिनीला कॅन्सर निघाल्यावर आधी ती दोन दिवस रडली. मग डोळे पुसून कंबर कसली. तेव्हापासून ती रोज दोन बस बदलून यायची. थर्मासमध्ये हळद, गुळवेल आणि आणखी कसकसली मुळं उकळलेलं पाणी असायचं. पिशवीत तेलाच्या बाटल्या असायच्या, निलगिरी छातीला, लव्हेंडर झोपेला, पुदिना मळमळीला.

"डॉक्टर त्यांचं करू देत, आपण आपलं करू," ती म्हणायची. "दोघांनी ढकललं की गाडी लवकर निघते."

इकडे डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी तंबी दिली होती. "काढा, चूर्ण, मुळी, काहीही पोटात घ्यायचं तर आधी मला विचारायचं. गपचूप घेतलंय असं कळलं तर मी डोस पुढे ढकलते. तिथे ओळखदेख चालत नाही." वॉर्डात वहिनीच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या मास्तरांचा डोस त्यांनी खरंच ढकलला होता, कुणीतरी दिलेल्या चूर्णापायी. मास्तरांचं तेव्हाचं तोंड वहिनीने पाहिलं होतं. तिला आपला शेवटचा डोस वेळेवर हवा होता. तो झाला की गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी वाद घालायचा, एवढं एकच स्वप्न घेऊन ती सगळं सोसत होती.

पण दोन बस बदलून येणाऱ्या ताईला नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा? वहिनी थर्मास घेऊन "आत बसून पिते" म्हणायची, लाँड्रीवाले तो टबात रिता करायचे आणि रिकामा थर्मास पाहून ताई तृप्त व्हायची. तिघंही आपापल्या जागी सुखी होते.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, साबण निघाला की पुन्हा पिवळी, आणि उन्हात टाकली की उडून जाते, हे नवरा-बायकोला धंद्याच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण आभाळ सकाळपासून गोधडी पांघरून बसलेलं, ब्लीचचा डबा संपलेला, सामानाचं दुकान रविवारचं बंद. आणि कोट उद्या सकाळी पोचवायचे होते. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता आणि केमोच्या वॉर्डातले सगळे आपले कोट इथेच टाकायचे.

दोघांनी मिळून कोट खळबळले, पिळले, पुन्हा खळबळले. लाल गेलं, पिवळं राहिलं.

"कोटांना कावीळ झाली हो," वहिनी म्हणाली आणि हसत सुटली. इतकी हसली की धुण्याच्या ढिगावर बसकण मारावी लागली. लाँड्रीवाल्यांना कोटांचं दुःख होतंच, पण तिला असं हसताना पाहून त्यांना फार बरं वाटलं.

"कडू वास येतोय का अजून?" तिने विचारलं. "मला काही कळत नाही."

"येतोय. थांब." त्यांनी शेवटच्या पाण्यात ताईची निलगिरी ओतली.

"किती थेंब घातले?"

"मोजले नाहीत. बाटली संपली."

सोमवारी वहिनी वॉर्डातल्या खुर्चीत बसली, नवरा खिडकीपाशी उभा राहिला. शेवटचा डोस म्हणून ताईही थर्मास घेऊन सोबत आली होती. नर्स पिवळी, मदतनीस पिवळा, आणि मागून डॉक्टरबाई आल्या त्या पिवळ्या कोटात शिंकतच आल्या.

"आज डॉक्टरांनाच सलाईन लावा," मास्तर म्हणाले.

"पण वास छान आहे हो," कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या. "सकाळपासून मळमळलं नाही मला."

ताईच्या नाकपुड्या फुलल्या. "ही तर माझी निलगिरी." तिने सरळ डॉक्टरबाईंच्या कोटाचं टोक धरून नाकाला लावलं. "आणि ही हळद. आणि खाली गुळवेल."

"कसली गुळवेल?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"माझ्या काढ्यातली," ताई अभिमानाने म्हणाली. "इतके महिने देतेय मी हिला. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरबाईंची शिंक अर्ध्यावर राहिली. "डोस थांबवा," त्या नर्सला म्हणाल्या.

गप्प बसावं तर डोस जातो, बोलावं तर ताई जाते. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर पाहत होता.

"डॉक्टर," ती शेवटी म्हणाली, "ताईंचा काढा तुमच्या अंगावर आहे. माझ्या पोटात नाही."

"म्हणजे?"

"हे रोज टबात ओततात. काल टब धुवायचा राहिला आणि मी त्यातच तुमचे कोट भिजवले."

लाँड्रीवाल्यांनी खिडकीकडे बघतच मान डोलावली.

"खरं सांगा. एखादा घोट तरी?"

"जिभेलासुद्धा लावला नाही."

डॉक्टरबाईंनी सकाळचा रिपोर्ट पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "लिव्हर तरी माझ्या कोटापेक्षा स्वच्छ दिसतंय," त्या म्हणाल्या आणि राहिलेली शिंक देऊन टाकली. "लावा सलाईन."

ताईचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि प्यायली असती तर?"

"कदाचित काही झालं नसतं. कदाचित औषधाचा जोर गेला असता, नाहीतर लिव्हर बिघडलं असतं. मला नक्की सांगता येत नाही, म्हणून तर भीती वाटते. वास आवडत असेल तर रुमालावर थेंबभर तेल चालेल. बाटली नको."

डॉक्टरबाई पुढच्या खुर्चीकडे गेल्या. ताई थर्मास मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. वहिनीला सुईपेक्षा तेच जास्त टोचत होतं.

"इतके महिने माझ्या तोंडावर खोटं बोललीस?"

"हो ताई."

"आज जरा जास्त कडू होता, म्हणायचीस. तेही?"

"तेही."

"गूळ घालू का विचारलं तर म्हणालीस, नको, कडूच लागू पडतो."

"चुकलं माझं, ताई."

ताईने थर्मास खाली ठेवला. वहिनीचा मोकळा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"माझ्या हातून तुझं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?" ती म्हणाली. "देवानेच तुला खोटं बोलायची बुद्धी दिली गं बाई."