काचेखालचा पाइप

एका बाथरूमच्या नकाशात एक पाइप आहे. तो भिंतीतून निघतो, बेसिनला अर्धा वळसा घालतो आणि कुठेच जात नाही.

बसमध्ये एक बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बसा काका." ज्याला म्हणाली त्याचे दोन्ही पाय ठणठणीत होते.

मिरपुडीच्या डबीसारखी एक डबी. आत मिरपूड नाही.

भर दुपारी एक मुलगी ऑफिसात अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालून काम करते आहे.

कोरड्या फडक्याने पुसलेली काच आजूबाजूचं बारीकसारीक सगळं स्वतःकडे ओढून घेते.

हे सगळं एकाच माणसाच्या कपाळाभोवती घडलं. हा माणूस फोटोकॉपीची मशिनं दुरुस्त करतो. बॅग खांद्याला लावून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरतो. त्याला सगळे मेकॅनिक म्हणतात, आपणही तेच म्हणू.

तर मेकॅनिकच्या साहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं, "यापुढे बाहेर तरुण माणसं जातील. सीनियर लोक आत, फोनवर. ग्राहकाला सर्व्हिस ताजी वाटली पाहिजे." बोलता बोलता त्यांची नजर मेकॅनिकच्या कपाळावर टेकली आणि तिथेच रेंगाळली. जागाही ऐसपैस होती.

'आत' म्हणजे खिडकी नसलेली खोली. कानाला हेडफोन लावून दिवसभर विचारायचं, "प्लग लावलाय का बघा." मेकॅनिकचं सगळं आयुष्य लोकांच्या ऑफिसात गेलं होतं. कुठलं मशीन सकाळी खोकतं, कुठल्या ऑफिसात चहा बरा मिळतो, कुठे कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. आत बसवलं तर आपण वर्षभरात वाळून जाऊ, याची त्याला खात्री होती.

म्हणून तो औषधांच्या दुकानात गेला.

"लोशनने केस येतील, पण सावकाश," दुकानदार म्हणाला. "तोवर वरून ही पावडर मारा. केसांसारखाच बारीक भुगा आहे. उरलेल्यांना चिकटतो."

"पडत नाही ना?"

"डबीवरच लिहिलंय बघा. वाऱ्यात टिकते, घामात टिकते."

लिहिलं होतं खरं. वाकण्याबद्दल मात्र डबी गप्प होती.

दुसऱ्या दिवशी आरशासमोर त्याने लोशन चोळलं आणि ते वाळायच्या आतच पावडर मारली, कारण बस चुकली असती. कपाळ पडीक जमीन लागवडीखाली आल्यासारखं दिसायला लागलं.

त्याच दिवशी आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिसात सर्व्हिसिंग होतं. कंपनीचं हे सर्वांत मोठं गिऱ्हाईक. तिथे नकाशे काढणारी मुलगी त्याला पहिल्यापासून काका म्हणायची. तिचे केस इतके दाट होते की मेकॅनिक तिच्याकडे शेजारच्या बंगल्याकडे बघावं तसा बघायचा. त्या दिवशी ती म्हणाली, "काका..." आणि थांबली. मग म्हणाली, "सर, चहा घेणार?"

चहा नेहमीचाच होता, पण त्याने कप विसळल्यासारखा संपवला. मग मशिनची काच उचलली, डोकं आत घातलं, आरसे पुसले, काच परत बसवली आणि शीळ घालत जिना उतरला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. कॉपीवर काळे ठिपके येत होते.

झालं होतं ते असं. डोकं आत घातलं की पावडरचे कण मशिनच्या कोपऱ्यात पडायचे. चाचणीची कॉपी स्वच्छ निघायची. तो जिना उतरेपर्यंत मशिनचा पंखा ते कण उडवायचा आणि नुकतीच पुसलेली काच त्यांना आतून धरून ठेवायची. ऑफिसातल्यांनी वरून कितीही पुसा, ठिपके हसतच राहायचे.

मेकॅनिक पुन्हा आला, काच काढली, ठिपके पुसले. का आले ते कळावं म्हणून आणखी खोल वाकला. जितकं जवळून बघायचा तितकं पेरून जायचा. त्याने ड्रम बदलला. कागद बदलला. उंदीर आहेत का विचारलं.

"उंदीर ठिपके देतात?" बाई म्हणाल्या.

"सगळ्या बाजूंनी विचार करावा लागतो, बाई."

इकडे साहेबांनी बोलावलं. "तुमच्या हाताखालून गेलेल्या मशिनची परत तक्रार? असं कधी झालं नव्हतं. दमत असाल तर सांगा. आत एक खुर्ची रिकामी आहे."

मेकॅनिकने त्यातून एकच अर्थ काढला, आपण म्हातारे दिसतोय. त्याने लोशन वाढवलं, पावडर वाढवली. रोग एकीकडे आणि मलम दुसरीकडे म्हणतात, तर इथे मलमच रोग होऊन बसलं होतं.

"अहो, उशीच्या अभ्र्यावर हे काळं काय?" बायकोने विचारलं.

"मशिनची शाई असेल."

"इतकी वर्षं शाई तिकडेच राहायची. आताच बरी तिला घराची ओढ लागली."

ओल्या लोशनमुळे कण आता एकेकटे पडेनात. हातात हात घालून, लांब रेघ करून पडायला लागले. त्यात बाईंनी एका बाथरूमचा नकाशा मोठा करून कॉपी काढायला सांगितला. नकाशा मोठा झाला, तशी रेघही मोठी झाली.

मेकॅनिक पुढच्या वेळी पोचला तेव्हा बाईंच्या टेबलासमोर प्लंबर उभा होता. चपलांना सिमेंट, हातात नकाशा.

"बाई, हा पाइप पुढे कुठे न्यायचा?"

"कुठला पाइप?"

"हा काय. त्यासाठी भिंत फोडून बसलोय."

बाईंनी चष्मा लावला, मग काढला. "असा पाइप कुणी काढतं का? विचारायचं तरी."

"मागे विचारलं तर तुम्हीच म्हणालात, नकाशात आहे ते कर, डोकं चालवू नको."

बाईंनी भिंग काढलं. मशिनची काच उचलून खालून न्याहाळली. "पाइप नाही हा," त्या म्हणाल्या. "केस आहे."

सगळ्यांच्या नजरा एकदमच त्या दाट केसांच्या मुलीकडे वळल्या. बाईंचे केस पांढरे, प्लंबरचे बारीक कापलेले. मेकॅनिकचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. बाईंनी पिशवीतून अंघोळीची टोपी काढून मुलीला दिली. "घाल. आणि ती भिंत कुणामुळे फुटली, हे मी त्या घराच्या मालकांना सांगणार आहे."

मुलीने टोपी घातली आणि मान खाली घालून काम करायला लागली. टोपीखालून घाम ओघळायला लागला. तिने तो पुसलासुद्धा नाही.

मेकॅनिक मशिनवर वाकला. आतला दिवा लावला. काचेत त्याला स्वतःचं कपाळ उलटं दिसलं, आणि त्या कपाळावरून एक कण सुटला, तरंगत खाली आला आणि अलगद आरशावर बसला. मागोमाग दुसरा. तो तसाच वाकून राहिला. सांगितलं नाही तर तक्रार मिटेल, बाईंचा करार टिकेल, बाहेरची कामं हातात राहतील. फक्त एक टोपी तेवढी राहील.

तो सरळ झाला.

"बाई, तिची टोपी काढायला सांगा. केस माझा आहे."

प्लंबरने त्याच्या डोक्याकडे आपुलकीने पाहिलं. "साहेब, मदत करावी माणसाने, पण असलेल्यातून. एवढा लांब केस तुमच्याकडे आहे कुठे?"

मेकॅनिकने काच पुसायचं फडकं ओलं केलं आणि कपाळावरून फिरवलं. केसांची रेघ सगळ्यांच्या देखत मागे गेली. फडकं काळं झालं. बाईंनी ते हातात घेतलं, भिंगाखाली धरलं.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच पाइप."

कुणीच हसलं नाही. मुलीने टोपी काढली, घडी घातली आणि मेकॅनिकसमोर धरली. "काका, वाकताना ही घाला. तुम्हालाच हवी."

'काका' परत आला होता, पण त्या आवाजात तो म्हातारा वाटला नाही.

कपाळ पुसून तो तसाच साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. सगळं सांगितलं.

"म्हणजे मशीन ठीक होतं?"

"मशीन ठीक होतं. मेकॅनिक गळत होता."

साहेबांनी स्वतःच्या टाळूवरून हात फिरवला. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात विचारलं, "वाऱ्यात टिकते म्हणता?"

"डबीवर तसं लिहिलंय."

"हं." साहेबांनी उगाच टेबल आवरलं. "बाईंचा फोन आला होता. मी म्हटलं, नवा तरुण माणूस पाठवतो. तर नको म्हणाल्या."

"का?"

"ते काही बोलल्या नाहीत. तुम्हीच जा."

काही वर्षांपूर्वी बाईंनी कंपनीशी सर्व्हिसचा करार केला, त्या दिवशी त्यांना मेकॅनिकचं नाव आठवलं नव्हतं. त्यांनी कंपनीला एवढंच सांगितलं होतं, मागे ते मोठ्या कपाळाचे आले होते ना, त्यांनाच पाठवत जा.