आडव्यातिडव्या प्रश्नांची तयारी

सासूबाईंनी तिला सलग अकराव्यांदा देशाबाहेर काढलं. म्हणजे जेवणाच्या टेबलापलीकडे बसून, नाकावर चष्मा ओढून त्या म्हणाल्या, "उत्तर देताना अडखळलात. परत जा."

"अहो आई, घसा कोरडा पडला होता."

"तिथला साहेब काय पाणी घेऊन उभा राहणार आहे?"

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. एकतीस वर्षं त्यांनी परकी भाषा शिकवली आणि तोंडी परीक्षा घेतल्या. त्यामुळे दीड वर्ष परदेशात असलेल्या लेकाने तिघींची तिकिटं पाठवल्याबरोबर त्यांनी विमानतळावरच्या तपासणीसाठी एक प्रश्नावली तयार केली. नाव काय? कुणाकडे आलात? किती दिवस राहणार? नवरा काय करतो? बरोबर कोण आहे? खायचं काही आणलंय का? याच क्रमाने. क्रम बदलला की पाठांतर कच्चं राहतं, असं त्यांचं मत होतं.

सून पहिल्या वर्गात पदवीधर झालेली. पण विमान तिने आजवर खालूनच पाहिलं होतं. ती कणीक मळताना उत्तरं म्हणायची, तीन वर्षांच्या चिमणीला आंघोळ घालताना म्हणायची. चिमणीचा बाबा परदेशी गेला तेव्हा ती दीड वर्षाची होती. आता बाबा म्हणजे फोन, अशी तिची समजूत झाली होती. परवा तर ती फोनला चार्जर लावून म्हणाली, "बाबा जेवतोय." सगळे हसले. सून हसता हसता मोरीत जाऊन डोळे धुऊन आली. काहीही झालं तरी या पोरीला बाबाच्या कडेवर नेऊन द्यायचं; आपल्या एका अडखळण्याने ते राहता कामा नये. म्हणून ती बाराव्यांदाही टेबलासमोर उभी राहिली.

प्रवासात तिने दर दहा मिनिटांनी पासपोर्ट चाचपले. शेजारच्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "पोटात दुखतंय का?" तेव्हा कुठे तिने पोटापाशी लटकवलेल्या पाकिटावरचा हात काढला.

विमान उतरलं. तिघी रांगेला लागल्या आणि यथावकाश काचेमागच्या साहेबापुढे उभ्या राहिल्या. साहेब तरुण होता, चेहऱ्याने भला दिसत होता. त्याने पासपोर्ट उघडला, त्यातलं नाव वाचलं आणि हसून पहिला प्रश्न विचारला, "कुणाकडे आलात?"

घात झाला तो इथे. नाव समोर लिहिलेलं असताना ते विचारायचं कशाला, असा त्या बिचाऱ्याचा साधा हिशेब. पण हिच्या डोक्यात चाळीस दिवसांच्या पाठांतराची गाडी रुळावर उभी होती. शिट्टी वाजली आणि गाडी सुटली. तिने खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं.

"स्वतःकडेच आलात?" साहेब हसला. "बरं. किती दिवस राहणार?"

"नवऱ्याकडे."

साहेबाने मान वर केली. "नवरा काय करतो?"

"अठ्ठावीस दिवस."

"आणि त्यानंतर?"

हा प्रश्न यादीतच नव्हता. तिने तो सोडून दिला. आपलं काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं. पण उतारावर सुटलेल्या सायकलवरून उडी कुठे मारायची हे कुणाला कळतं?

"बरोबर कोण आहे?" साहेब आता एकेक शब्द सुटा करून विचारू लागला.

"पूल बांधण्याचं काम."

साहेबाने काचेतून वाकून खाली पाहिलं. चिमणी बोट चोखत उभी होती. मागे सासूबाईंनी सवयीने हळूच "चूक" म्हटलं. झालं, ती पुढच्या पाठ उत्तराला आणखी घट्ट चिकटली.

"खायचं काही आणलंय का?"

"मुलगी आणि सासू."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब मात्र हसला नाही. त्याने पासपोर्ट मिटले आणि बाजूच्या दाराकडे बोट दाखवलं. सगळी रांग बघत होती. दारापर्यंतची ती वीसेक पावलं तिने फरशा मोजत ओलांडल्या. मान वर करायची सोय नव्हती. एक बाई तर आपल्या मुलाला जवळ ओढून घेत होती.

आतल्या खोलीत टेबल, चार खुर्च्या आणि एक जाडजूड अधिकारीणबाई. सून खुर्चीच्या कडेवर टेकली. कान तापले होते. पदवी, पाठांतर, चाळीस दिवस, सगळं पाण्यात. बाहेर तो वाट बघतोय आणि आपण त्याच्या आईला आणि लेकीला खाण्याचे पदार्थ म्हणून जाहीर केलंय!

"घाबरू नकोस," सासूबाई कुजबुजल्या. "आता मी बघते."

अधिकारीणबाई त्यांच्याकडेच वळल्या. "ही तुमची कोण?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. तोंड उघडलं. मिटलं. गेले चाळीस दिवस त्यांनी शेकडो प्रश्न विचारले होते. उत्तर मात्र एकही दिलं नव्हतं. त्यांची तालीम कुणी घेतलीच नव्हती. शेवटी आयुष्यभर जे जमलं तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"नवरा काय करतो?"

"माझा?" अधिकारीणबाई चमकल्या.

"सून," तिने मागून हळूच सांगितलं. "आई, सून म्हणा."

"तुम्ही सांगू नका!" अधिकारीणबाईंनी टेबलावर पेन आपटलं. "त्यांना बोलू द्या."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मागून उत्तर सांगणाऱ्या किती पोरांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं! त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. परीक्षेत कोरा पेपर देणाऱ्या मुलीसारख्या दिसल्या त्या. सुनेला स्वतःच्या फजितीपेक्षा ते बघणं जड गेलं. तिने चिमणीला मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे पाहू लागली.

अधिकारीणबाईंनी अर्जावरचा तिच्या नवऱ्याचा नंबर फिरवला आणि फोन टेबलावर ठेवला. खोलीत त्याचा आवाज घुमला.

"तुम्ही कुणाला न्यायला आलात? वर्णन सांगा."

"माझी बायको," तो म्हणाला. "घाबरलेली असेल. सारखी पाकीट चाचपत असेल."

सुनेने पाकिटावरचा हात झटकन काढला.

"एक तीन वर्षांची मुलगी. आणि माझी आई. ती बहुतेक तुम्हालाच प्रश्न विचारत असेल."

अधिकारीणबाई आधी गालात हसल्या, मग खुर्ची करकरेपर्यंत हसल्या. डोळे पुसत त्यांनी तीन शिक्के मारले.

बाहेर आल्यावर चिमणी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "बाबा मोठा झाला," ती म्हणाली आणि हात वर केले. त्याने तिला उचललं.

मग तिला कडेवर सावरत तो म्हणाला, "काय गं, फोन कशाला केला त्यांनी? काय झालं आत?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या बॅगेची चेन लावत होत्या, लागलेलीच.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज. आईंशी छान बोलत होत्या त्या."

तो सामानाची गाडी ढकलत पुढे निघाला. सासूबाई मागे रेंगाळल्या, सुनेच्या बरोबरीने चालू लागल्या. दहाबारा पावलं गेल्यावर त्यांनी तिच्या कोपराला हात लावला.

"अगं, जाताना पण विचारतात का?"

"विचारत असतील."

"मग उद्यापासून बसू या. तू विचारायचं, मी सांगणार. कसेही विचार, आडवेतिडवे."

"बरं, आई."

सासूबाई आणखी चार पावलं चालल्या.

"पण पहिल्या दिवशी जरा सोपे विचार हं."