दुर्बिणीचा पट्टा

नर्मदाबाईनं सूप पाटलापुढं आपटलं. सुपात ओंजळभर हरभऱ्याचे घाटे होते आणि निम्म्या घाट्यांत दाणाच नव्हता.

"आठ दिस झाले," ती म्हणाली. "पाखरं जेवायलीत आन् तुमी बघायलाव. आता एक वाढपी तेवढा उभा करा, म्हंजी पंगत पुरी व्हईल."

किशनराव पाटलांनी एक रिकामा घाटा उचलून बोटांत चुरला. हे सगळं त्यांच्या तोंडानंच ओढवलं होतं.

खैरतळ गावच्या तळ्याचा बांध तीन वर्षं पाझरत होता. दुरुस्तीचा अर्ज जिंतूरच्या कचेरीत कुठल्या तरी दप्तरात झोपलेला होता, आणि पाटील वर्षातून दोनदा त्याची ख्यालीखुशाली विचारायला जात. या खेपेला तिथं तालुकदार साहेबांचे पाहुणे बसले होते, आबासाहेब. हैदराबादला बांधकामाच्या महकम्यात मोठे अंमलदार, आणि नाद पाखरं बघण्याचा. नुकतेच महिनाभर समुद्रकाठी राहून आले होते. तिथल्या खाडीवरच्या थव्यांचं वर्णन करून झाल्यावर ते हळहळले, की तुमच्या या कोरड्या मुलखात चिमण्या-कावळ्यांपलीकडं काय असणार.

पाटलाला समुद्राचं काही वाटलं नाही, 'कोरड्या'चं लागलं. ते बोलून गेले, "आमच्या तळ्यावर येऊन बघा, सरकार. करकोचे बसले की पाणी दिसत न्हाई." आणि ओघात बांधाचंही सांगितलं. आबासाहेब म्हणाले, बोलता तशी पाखरं दिसली तर तुमचा कागद मी स्वतः हलवतो.

आता करकोचे येत होते, हे खरं. बसत होते, हे खोटं. पौषात हजारांनी यायचे, पण गाव त्यांना टेकू देईल तर ना. रानोरान माळे, माळ्यावर राखणदार, राखणदाराच्या हातात गोफण. आणि पंचक्रोशीत पहिली गोफण कुणाची, तर खुद्द पाटलाची. दोन शेतं ओलांडून धोंडा नेमका पाखराच्या पुढ्यात पडायचा.

म्हणून पाटलानं दवंडी दिली, की साहेब येऊन जाईपर्यंत कुणी गोफण मारायची नाही, ओरडायचं नाही, डबडं वाजवायचं नाही. गावानं कुरकुर केली, पण बांध सगळ्यांनाच हवा होता. सगळ्या गोफणी गोळा करून पाटलानं कोठीत घातल्या आणि कुलूप लावलं. त्यांचा राखणदार भुजंग तेवढा कळवळला. म्हणाला, हात आपोआप वर जायलाय, मालक, खांदा ठणकायलाय.

"हाताला वळण लावावं लागतंय, भुजंगा," पाटील म्हणाले. "मानूस हायस का गोफण?"

नवव्या दिवशी सकाळी आबासाहेब बैलांच्या धमणीतून उतरले. गाव इतकं चिडीचूप होतं, की त्यांना वाटलं कुणी तरी गेलं असावं. बैलांच्या घुंगरमाळा काढलेल्या, कुत्री बांधलेली, मारुतीच्या घंटेचा लोळा फडक्यात गुंडाळलेला. पाटील, भुजंग आणि आबासाहेब बांधाआड गवतात पालथे पडले.

आणि खरोखरच पाणी दिसत नव्हतं. राखी पाठी, काळ्या माना, नुसती दाटी. आबासाहेब कुजबुजले, की समुद्रावरसुद्धा हे नाही. मग ते मोजायला लागले. तीनशेपर्यंत गेले की एखादं पाखरू जागा बदलायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यांनी हसून नाद सोडला आणि आपली दुर्बीण पाटलाच्या हातात दिली.

"बघा पाटील. दौलत तुमचीच आहे."

पाटलानं जन्मात पहिल्यांदा दुर्बीण डोळ्याला लावली. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग चिखल, मग तळ्यापल्याडचा त्यांचा स्वतःचा हरभरा, हातभर अंतरावर. त्या शिल्लक राहिलेल्या शेवटच्या वाफ्यात एक करकोचा उभा होता. त्यानं घाटा तोडला, मान वर केली आणि पाटलाच्या डोळ्यात डोळे घालून गिळला.

पुढचं पाटलाच्या डोक्यानं केलं नाही. ते उभे राहिले. आठ दिवसांचा कोंडलेला "हाऽऽ हाऽऽ होऽऽ" छातीतून सुटला. दुर्बिणीचा चामडी पट्टा मुठीत आला, दुर्बीण डोक्याभोवती दोनदा गरगरली आणि तिसऱ्या फेऱ्याला सुटली. उन्हात चमकत ती निम्मं तळं ओलांडून गेली आणि बुडुक झाली. त्यासरशी तळ्यावरची अख्खी दाटी आभाळात उठली.

पाटलाचा हात तसाच वर होता. गवतातून भुजंगाचा हलका आवाज आला.

"मालक, मानूस हाव का गोफण?"

पाटलानं आबासाहेबांकडं बघितलंच नाही. फेटा काढून ठेवला आणि धोतरासकट पाण्यात शिरले. दुपारपर्यंत चाचपत राहिले. एक फुटकी घागर मिळाली, एक वहाण मिळाली. आबासाहेब बांधावर बसून वहीत काही तरी लिहीत होते. जाताना त्यांनी हात केला, पाटलानं पाण्यातूनच हात जोडले. बाहेर येऊन नमस्कार करायला हवा होता, पण पाणी छातीपर्यंत होतं आणि तेवढीच अब्रू झाकलेली होती.

त्यानंतर पाटील पारावर बसेनात. ते जवळून गेले, की कुणी तरी उगीच उपरणं डोक्याभोवती फिरवायचं. जिंतूरची वाट त्यांनी सोडली आणि कापूस घेऊन लांब सेलूच्या बाजाराला गेले. तिथं एका व्यापाऱ्यानं गाव विचारलं. पाटलानं मान खाली घालून शेजारच्या गावाचं नाव सांगितलं.

"अच्छा," व्यापारी म्हणाला, "मंजी त्या दुर्बीण फेकनाऱ्या पाटलाच्या बाजूला."

चैत्रात कचेरीचा शिपाई हुकूम घेऊन आला. धरून न्यायलाच आलाय असं समजून पाटलानं धुतलेलं धोतर नेसलं, नर्मदाबाईला भाकरी बांधायला सांगितली आणि मग पटवाऱ्याला म्हणाले, वाचा. हुकुमात लिहिलं होतं, की बसलेली पाखरं मोजणं अशक्य होतं, परंतु पाटलांनी ती ऐनवेळी एकदम उठवल्यामुळे आभाळात मोजता आली. चार हजारांवर भरली. सबब बांधाची दुरुस्ती मंजूर.

पाटलाचे डोळे भरून आले. पटवाऱ्यानं पान उलटलं.

तळ्याभोवती अर्ध्या कोसात यापुढं पाखरांवर गोफण, धोंडा, आरोळी बंद. जिम्मेदार, किशनराव पाटील. दर हिवाळ्यात गिनती करून कचेरीत कळवावी. पाटलाचा सगळा हरभरा त्या अर्ध्या कोसातच होता.

"घ्या," दारातून नर्मदाबाई म्हणाली. "घावला वाढपी."

वैशाखात बांधाचं काम लागलं, पाणी तळाला गेलं आणि भुजंगाच्या पायाला दुर्बीण लागली. आत एक खेकडा संसार थाटून बसला होता. पाटलानं खेकड्याला सोडलं, दुर्बीण फडक्यात गुंडाळली आणि माफीच्या चिठ्ठीसह जिंतूरला पाठवली. पोचवायला स्वतः जायची हिंमत झाली नाही.

महिन्याभरानं ती धुऊनपुसून परत आली. सोबत आबासाहेबांच्या हातची एक ओळ होती, की गिनतीला लागेल, पाटलांकडेच असू द्यावी.

पाटलानं ती कपाळाला लावली, उलटीसुलटी करून बघितली. काचा नव्या होत्या. पट्टा तेवढा काढून घेतलेला होता.