तिसरा मुद्दा

आमच्या गल्लीतले आण्णा मगदूम गिरणीत दळण टाकायला निघाले तरी आधी भाषण तयार करतात. ज्वारी गव्हाच्या आधी का दळावी, याचे तीन मुद्दे जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहायचे, आमच्या सोप्यात उभं राहून मला म्हणून दाखवायचे आणि मगच पिशवी उचलायची.

"मास्तर, माणूस पटत न्हाय, पटवावा लागतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उभी हयात शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं गेली. त्या आवाजात कान अधू झाले आणि स्वतःचा आवाज वाढत गेला. त्यामुळं आण्णा कानात सांगायला लागले तरी चार घरांना ऐकू जातं. एकदा गल्लीत पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला त्यांनी गाठलं. पाणी दहा मिनिटं जास्त का सोडावं, यावर बोलायला लागले. तो बिचारा ऐकता ऐकता चावी बंद करायचीच विसरला. गल्लीनं त्या दिवशी गोधड्या धुतल्या.

एवढा पटवणारा माणूस, पण घरात बायकोपुढं, मालूकाकूंपुढं, त्यांचं काही चालत नसे. काकूंचे गुडघे गेलेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दोन वर्षं झाली. काकू भिंतीला धरून चालायच्या आणि विषय काढला की "भाकरी करपती" म्हणून आत जायच्या.

शेवटी आण्णांनी भाषण लिहायला घेतलं. आठ दिवस तालीम आमच्याकडं.

"मास्तर, तुमी मालन व्हा."

मी काकूंसारखा आवाज काढून म्हणालो, "मला ऑपरेशनचं भ्या वाटतंय."

"मालन असं कुठं म्हणती? ती गप बसती. गप बसा."

मी गप बसलो. आण्णा दुसऱ्याच वाक्याला अडखळले.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि धीराला म्हणून मला बोलावून नेलं. काकू फरशीवर मेथी निवडत होत्या. आण्णा टीव्हीजवळ उभे राहिले, खाकरले आणि सवयीनं म्हणाले, "उपस्थित बंधू-भगिनींनो..."

"बंधू मास्तर. भगिनी कोण?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

मला हसू आवरेना. आण्णा रेटत राहिले. पहिला मुद्दा, डॉक्टर हुशार हाय. काकू म्हणाल्या, "व्हय." दुसरा, तुझ्या माहेरात, कोडोलीत, चार बायका ऑपरेशन करून शेतावर जायला लागल्या. "व्हय." काकू मेथीच्या काड्या मोडत राहिल्या.

आण्णांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग घडी करून खिशात घातली आणि मेथीच्या ढिगाशेजारी खाली बसले.

"तिसरा मुद्दा?" काकू म्हणाल्या.

"मंगळवारी न्हाणीत घसरून पडलीस," आण्णा म्हणाले. एवढा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पंधरा मिनटं तितंच बसलीस. हाका मारल्या असशील. ह्या कानांनी मला ऐकूच आलं न्हाय. मी भाईर ह्ये भाषण लिवत बसलतो."

काकूंचा हात थांबला.

"मी हाक मारलीच न्हाय," त्या म्हणाल्या.

"का?"

"तुमी लिवत होता की. मोडलं असतं."

आण्णांनी एक जुडी ओढली आणि पानं, काड्या सगळं एकत्रच परातीत टाकायला लागले. काकू त्यातल्या काड्या बाजूला काढत राहिल्या.

परात भरल्यावर काकू म्हणाल्या, "उद्या डॉक्टरला विचारा, कधी येऊ म्हणून. पण भाषण करू नका. नुसतं विचारा."

आता संध्याकाळी काकू कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत काठीशिवाय जाऊन येतात. त्यांच्या मागं चार पावलांवर आण्णा असतात, आणि "मालन, जरा हळू की" हे सगळ्या गल्लीला ऐकू येतं. काकूंनाही येतं, पण त्या थांबत नाहीत.