पखवाजाची कणीक

"अण्णा, त्या पिंपाला हलवू नका हं. टेकूसुद्धा नका," निशिकांतने दारातून पुन्हा एकदा बजावलं.

"मी कुठे हलवतोय? हलताय ते तुम्ही, निशिकांतराव. बसा की जरा!"

बसणं निशिकांतला जन्मात जमलं नव्हतं. सासऱ्यांच्या कीर्तनाला तो बसला, की त्याच्याखालची सतरंजी गोळा होऊन शेजाऱ्याच्या मांडीखाली जायची. आणि देवाची लीला बघा, अशा माणसाच्या नशिबी जिचा सगळा गुण बसण्यात आहे अशी बिअर खपवायचं काम आलं होतं. जुन्या इंग्रजी पद्धतीची ही बिअर, म्हणजे 'एल', पिंपातच मुरते. गाळ तळाशी बसतो, पिंपाच्या पोटावर मऊ लाकडाची बोटभर खुंटी असते, तिच्यातून ती श्वास सोडते. बर्फ नाही, यंत्राचा गॅस नाही. पण सिंगापूरच्या उकाड्यात हे पटायचं कुणाला? निशिकांत पबामागून पब पालथे घालत होता आणि सगळीकडे एकच उत्तर मिळत होतं, "बिअर नॉट आइस-कोल्ड, हू वाँट लाह?"

शेवटी त्याचे साहेब मिस्टर लिम म्हणाले, "सॅटर्डे, ईस्ट कोस्ट. सगळे पबवाले बोलावतो. त्यांच्यासमोर पिंप उघड. ऑर्डर आली तर ठीक. नाही आली, तर बिअर पण बंद, तुझा जॉब पण बंद. पासचं काय ते तूच बघ."

नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास गेला, आणि पास गेला की बुकित बातोकचं बिऱ्हाड गुंडाळायचं. अशात गोदामाचा एसी बंद पडला. गार आणि शांत जागा आता एकच उरली होती, निशिकांतच्या फ्लॅटमधली पाहुण्यांची खोली. आणि तिथे पाहुणे होते. वाईहून आलेले कीर्तनकार बाबूरावअण्णा, मीनलचे वडील.

मीनलने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अण्णांच्या खोलीत दारू? आणि उद्या एकादशीचं कीर्तन!"

"मग काय गॅलरीत उकळू देऊ?"

"सांगणार काय त्यांना?"

निशिकांत येरझाऱ्या घालू लागला. तिलाच वडिलांची दया आली की नवऱ्याची, कोण जाणे. "जवाचा काढा म्हण," ती म्हणाली. "जवाचीच असते ना? मग खोटं नाही."

अण्णांनी काढ्याला आनंदाने जागा दिली. एसीमुळे त्यांनी स्वतः कानटोपी चढवली आणि "बिचारं गारठेल" म्हणून आपली शाल पिंपाला पांघरली.

एकादशीला हॉल माणसांनी भरला. साथीला सेरंगूनहून अभय नावाचा ओळखीतला मुलगा पखवाज घेऊन आला. त्याच्या डाव्या पुडीला लावायला मीनलने कणीक मळून दिली. उरलेला गोळा टाकवेना, म्हणून अण्णा तो खोलीत घेऊन गेले. कीर्तन असं रंगलं की शेजारचं चिनी जोडपंही दारात उभं राहून टाळ्या वाजवत होतं. निशिकांत मात्र दर अभंगाला उठून खोलीच्या दाराला कान लावून येत होता. सकाळपासून चाललेली पिंपाची फुसफुस थांबली होती.

"बसला! गाळ बसला!" तो मीनलच्या कानात म्हणाला.

"तूही बस," मीनल म्हणाली.

शनिवारी पिंप व्हॅनमधून ईस्ट कोस्टला निघालं. गडगडू नये म्हणून अण्णांनी ते वाटभर कवेत धरलं. पबात मंडळी हाताची घडी घालून बसली होती. निशिकांतने भाषण उरकलं, शाल ओढली आणि तो थिजला. खुंटी दिसतच नव्हती. तिच्या जागी वाळून टणक झालेला गोळा होता.

"अण्णा, हे काय?"

"कणीक. तुमचा काढा सारखा फुसफुसत होता, तोही बेसूर. माझा सूर लागेना. म्हटलं, कणकेने पखवाज बोलतो, बघू हा गप्प बसतो का. बसला!"

निशिकांतने घाबऱ्याघुबऱ्या गोळा उचकटला. खुंटी कणकेसकट उडाली आणि मागोमाग कारंजं थेट छताला! पबवाले, मिस्टर लिम, अण्णांची टोपी, सगळ्यांना अभिषेक झाला. कारंजं ओसरलं तेव्हा पिंपात अर्धी एल उरली होती, तीही ताकासारखी गढूळ.

"फिनिश," चष्मा पुसत मिस्टर लिम म्हणाले. "यू फिनिश."

अण्णांनी बाहीचा वास घेतला. "निशिकांतराव, हा काढा नव्हे."

"नाही, अण्णा."

"मीनलला माहीत आहे?"

"नाव तिनेच ठेवलं."

अण्णांनी ओली टोपी झटकली. पबवाले कॉलर पिळत दाराकडे निघाले होते.

"हे चालले का?"

"गाळ बसेपर्यंत कोण थांबतंय? गेली माझी नोकरी!"

"म्हणजे प्रसादाला उशीर आहे, एवढंच ना?" अण्णा म्हणाले. "अहो, स्वयंपाकघरातून खूण आली, की आम्ही आख्यान लांबवतो. पंगत उठू द्यायची नाही!" आणि त्यांनी पिशवीतून झांज काढली.

"इथे, अण्णा? पबात?"

"चूक माझ्या कणकेची आहे. आणि देव काय दारावरची पाटी वाचून आत येतो? मी सांगतो, तुम्ही इंग्रजीत करा. आणि हलू नका, माझा ताल जातो."

झांज खणाणली. दारापाशी गेलेले पबवाले मागे वळले. अण्णांनी समुद्रमंथन लावलं. मंदराचल पर्वत घुमला, वासुकी फुत्कारला. "देवदानवांनी सागर घुसळला, आणि आधी वर काय आलं?" अण्णांनी सगळ्यांच्या ओल्या शर्टांकडे हात केला. "फेस!" निशिकांतने इंग्रजी करण्याआधीच हशा पिकला. एकाने खुर्ची ओढली, मग दुसऱ्याने. "घाई केली त्याला फेस," अण्णा गात होते, "धीर धरला त्याला अमृत!" आणि निशिकांत आयुष्यात प्रथमच एका जागी खिळून उभा होता.

अमृताचा कलश वर आला, तेव्हा निशिकांतने तोटी सोडली. ग्लासात मधासारखी नितळ एल उतरली. 'आइस-कोल्ड'वाल्यांपैकी एकाने घोट घेतला, डोळे मिटले आणि ग्लास पुन्हा पुढे केला. "नॉट बॅड, लाह."

घरी मीनल दारातच उभी होती. "काय झालं?"

"चार पबांनी ऑर्डर दिली," निशिकांत सोफ्यावर बसत म्हणाला. बसला तो बसलाच. "पण अट घातली. दर वेळी आधी कारंजं, मग अंकल, मग बिअर. त्यांना वाटतं, हीच जुनी इंग्रजी पद्धत!"

मीनलने भीतभीत वडिलांकडे पाहिलं. अण्णा टोपी वाळत घालत होते.

"एकादशीला जमणार नाही, आणि थेंबही घेणार नाही, असं सांगून आलोय," ते म्हणाले. "आणि काढेवाल्या बाई, पुढच्या खेपेला कणीक जरा सैल मळा. आज फार उंच गेलं."