न वाजवलेल्या तबकडीचं रसग्रहण

नाचासाठी बनवलेल्या गोष्टीची खरी थोरवी बसून राहणाऱ्यांनाच कळते, हे आता सर्वमान्य झालं आहे. (नाचणाऱ्यांचं मत घेतलेलं नाही, ते दमलेले असतात.)

आमचे दंतवैद्य या मताचे खंदे पुरस्कर्ते. त्यांच्याकडे डिस्कोच्या बारा इंची तबकड्या होत्या चारशे बारा. जेवणाच्या ताटाएवढी तबकडी आणि एका बाजूला एकच गाणं. नाचणारा थकला तरी गाणं थकू नये, हा हेतू. त्यांतली एकही दंतवैद्यांनी वाजवली नव्हती. सुई टेकली की रेघ झिजते.

दर रविवारी सकाळी पाचजणांचं रसिक मंडळ जमे. रबरी हातमोजे चढवून, दात तपासायच्या आरशाने तबकडीच्या कडा बघितल्या जात. चहा दोन खोल्या पलीकडे मिळे. सचिव, म्हणजे एक निवृत्त भूमापक, वेष्टनाचा वास घेऊन साल सांगत. (अचूकता दहात तीन. उरलेल्या सातांत साल दुरुस्त केलं जाई.)

सगळ्यांत मानाची तबकडी मूळ प्लास्टिकमध्ये बंद होती. तिच्यात चौथ्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम उरतो, अशी ख्याती. त्या मिनिटावर दंतवैद्यांनी दोन व्याख्यानं दिली होती.

अशात त्यांच्या सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून लेकीकडे राहायला आल्या. रोज दहा मिनिटं तालावर पाय हलवा, असं व्यायामवाल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं. मंगळवारी दंतवैद्य दुपारी जेवायला घरी आले, तर ते मानाचं प्लास्टिक केराच्या डब्यात, आणि सासूबाई खुर्चीची पाठ धरून डोलताहेत. दंतवैद्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुई उचलायला ते धावले, तोच सासूबाईंनी त्यांचा हात पकडला.

"बरं झालं आलात, जावईबापू. ही खुर्ची फार हलते."

"आई, ती तबकडी उघडायची नसते."

"मग आणली कशाला? नीट धरा, तोल जातोय माझा."

ऑपरेशन झालेल्या माणसाचा हात सोडता येत नाही. दंतवैद्यांनी धरून ठेवला. चौथं मिनिट आलं. वाद्यं थांबली, ड्रम उरला. व्याख्यानात या जागेला त्यांनी 'संयत' म्हटलं होतं. तो शब्द साफ चुकला होता. आधी त्यांचे खांदे परस्पर हलू लागले, मग कंबर, जिचा वीस वर्षांत काही ठावठिकाणा नव्हता. गाणं संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

बायको आमटीचा डाव हातात घेऊन दारात उभी होती. "काय झालं हो?"

"काही नाही," ते म्हणाले. "दुसरी बाजू लाव."

रविवारी त्यांनी मंडळापुढे सगळं कबूल केलं. सचिवांनी भिंगाने पाहणी करून तबकडीला 'अस्पर्श' वर्गातून 'वापरलेली' वर्गात उतरवलं. दंतवैद्यांनाही त्याच वर्गात टाकून त्यांचं सभासदत्व रद्द केलं गेलं. त्यांना फारसं वाईट वाटलं नाही, याची ठरावात वेगळी नोंद आहे. सासूबाईंचा गुडघा आता छान वाकतो. त्या परत निघाल्या होत्या, पण जावयाने थांबवून घेतलं. (असा अर्ज जावयाकडून यापूर्वी आल्याचं आढळत नाही.)

मंडळातली रिकामी जागा भरायला त्रास पडला नाही. नाचाविषयीचा एवढा मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचूनही ज्याच्या पायाचा अंगठासुद्धा हलला नाही, असा एक रसिक हवा होता. अभिनंदन, आपली निवड एकमताने झाली आहे.